ट्रॅक्टरच्या बॅटरीचा राखणदार

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला, की पेरणीची घाई सुरू होते. अशा सकाळी ट्रॅक्टरची बॅटरी रात्रीतून चोरीस गेल्याचे आढळले, तर शेतकऱ्याचे नुकसान केवळ तिच्या किमतीपुरते राहत नाही. नवी बॅटरी येईपर्यंत हातचा वाफसा निघून जातो. घरच्या घरी जोडता येणारा साधा भोंगा ही वेळ बऱ्याच अंशी टाळू शकतो.

भोंगा बसविताना पुष्कळदा एक चूक होते. तो ट्रॅक्टरच्याच बॅटरीवर जोडला जातो व चोराने तिची तार काढताच मुका होतो. जी वस्तू राखावयाची, तिच्याच बळावर राखणदाराने उभे राहू नये, हे या कामाचे पहिले सूत्र होय. म्हणून भोंग्यास 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तास क्षमतेची लहान बंदिस्त बॅटरी वेगळी द्यावी आणि ती आसनाखाली अथवा अन्य आडजागी पट्टीने पक्की आवळावी. यामुळे ट्रॅक्टरची मूळ वायरिंग कोठेही कापावी लागत नाही.

याशिवाय दोन टोकांचा 12 व्होल्टचा भोंगा, मोटारीत वापरतात तो चार टोकांचा रिले, 10 अँपिअरचा फ्यूज, 1 अँपिअरचा डायोड, 10 अँपिअर झेपणारे बटण, 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि बॅटरीपेटीच्या झाकणाखाली बसणारा लहान स्विच लागतो. हा स्विच दाबलेला असता मंडल तोडणारा व सुटताच जोडणारा असावा.

रिलेच्या टोकांवर 30, 85, 86 व 87 हे आकडे असतात. लहान बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच फ्यूज बसवावा. तेथून तार छुप्या बटणाकडे न्यावी. बटणापुढे तिचे दोन फाटे करावेत. एक रिलेच्या 30 या टोकास व दुसरा झाकणाच्या स्विचला जोडावा. स्विचचे दुसरे टोक 86 ला, 87 भोंग्याला, आणि 85 व भोंग्याचे उरलेले टोक ऋण बाजूस जोडावे. शेवटी 87 व 86 यांच्यामध्ये डायोड घालावा. त्यावरील पट्टा 86 कडे असावा. या डायोडमुळे झाकण उघडताच सुरू झालेला भोंगा, चोराने ते पुन्हा मिटले तरी, छुपे बटण बंद करीपर्यंत वाजत राहतो. झाकण मिटलेले असताना मात्र बॅटरीतून प्रवाह वाहत नाही.

काम करताना हातातील अंगठी व कडे काढून ठेवावे. बॅटरीची जोडणी सर्वांत शेवटी करावी. तारा नुसत्या पिळून जोडू नयेत. ट्रॅक्टरच्या हादऱ्याने त्या सुटतात. लोखंडाच्या भोकातून जाणाऱ्या तारेस रबरी वेष्टन द्यावे व तार सायलेन्सरपासून दूर ठेवावी. फ्यूज जळाल्यास त्याजागी साधी तार कदापि घालू नये. घासलेल्या तारेची एक ठिणगी, कडब्याजवळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला चोरापेक्षा अधिक महाग पडेल.

महिन्यातून एकदा झाकण उघडून भोंगा वाजतो किंवा नाही, हे पाहावे. लहान बॅटरीचा दाब 12.4 व्होल्टच्या खाली गेल्यास ती काढून भारित करावी.

भोंगा चोर पकडत नाही. तो माणसे जागी करतो. म्हणून त्याचा आवाज शेजाऱ्यांना एकदा ऐकवून ठेवावा व झाकणाचा स्विच घट्ट बसवावा. उगाच वाजणाऱ्या भोंग्याने चौथ्या रात्री कोणी उठत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी एखाद्या ट्रॅक्टरवर ही जोडणी सर्वांसमक्ष करून दाखविल्यास, पाहणारे शेतकरी ती आपल्या हातांनी करू लागतील.