कागदावरचे कुटुंब, एकटीचा संसार : पांढुर्णा-सौंसरच्या सीमेवरील हिशेब

सौंसरच्या बाजारात शिवणयंत्र घेऊन बसलेली एखादी स्त्री डोळ्यांसमोर आणावी. नवऱ्यापासून ती वेगळी झाली आहे, घटस्फोट मात्र झालेला नाही. पदरी दोन मुले, राहणे माहेरच्या घरातील एका खोलीत आणि उत्पन्न हाताला काम मिळेल तसे. दिवाळीच्या सुमारास ब्लाउज शिवून पुरे होत नाहीत. पावसाळ्यात फॉल-पिकोच्या दोन साड्यांवर आठवडा काढावा लागतो. अशा स्त्रीची आर्थिक ओढाताण ही केवळ कमी कमाईची गोष्ट नसते. तिचे घर मोडलेले असते, पण सरकारी आणि बँकेच्या कागदांवर ते अजून अखंड असते. तिच्या निम्म्या अडचणी या विसंगतीतून जन्माला येतात.

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली नागपूरपासून शंभर किलोमीटरच्या आत आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी बोलणारा पट्टा छिंदवाड्यासह मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीकाठी होणाऱ्या गोटमारीमुळे हे नाव गोव्यातही वाचकांच्या कानावर गेलेले असते. तेथील रोजचे जगणे मात्र संत्रा आणि कापसावर चालते. आंबिया बहाराचा संत्रा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतो, मृग बहाराचा फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान. बागायतदाराच्या हातात पैसा आला की शिंपीण, डबे करणारी, ब्युटी पार्लर चालवणारी, हातगाडीवर भाजी विकणारी अशा सगळ्यांच्या गल्ल्यात तो झिरपतो. मुलांची फी, खोलीचे भाडे आणि कर्जाचा हप्ता यांना मात्र बहार नसतो.

अशी विभक्त माणसे किती? २०११ च्या जनगणनेत देशभरात घटस्फोटितांची संख्या तेरा लाखांहून थोडी अधिक होती आणि विभक्त राहणाऱ्यांची त्याच्या जवळपास तिप्पट. म्हणजे मोडलेल्या संसारांपैकी बहुतेक न्यायालयाच्या निकालाविनाच मोडलेले आहेत.

व्याख्येत अडकलेली

मध्य प्रदेशात जवळजवळ प्रत्येक सरकारी लाभाचे दार ‘समग्र आयडी’ने उघडते. कुटुंबाला आठ अंकी आणि प्रत्येक सदस्याला नऊ अंकी क्रमांक असतो. माहेरी परतलेल्या स्त्रीचे नाव सासरच्या कुटुंब-क्रमांकात राहून गेले, की तिची शिधापत्रिका, तिचे उत्पन्न, तिची पात्रता हे सारे सासरच्या घरावरून ठरू लागते. म्हणून नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन स्वतःचे आणि मुलांचे नाव वेगळ्या कुटुंबात नोंदवून घेणे हे तिचे पहिले काम ठरते. ते कंटाळवाणे आहे, कोणी सहज सांगत नाही, आणि बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि शिवणकाम त्यांपैकी एक. प्रशिक्षण काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. पण लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. दूर राहणाऱ्या नवऱ्याने सुतारकामासाठी आधीच नाव नोंदवले असेल, तर कायद्याने अजून पत्नी असलेल्या स्त्रीचा अर्ज अडू शकतो.

छोट्या कर्जाच्या क्षेत्रातही हीच व्याख्या भेटते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज ते सूक्ष्मकर्ज, आणि त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नयेत. कुटुंब पुन्हा तेच : पती, पत्नी, अविवाहित मुले. त्यामुळे नवऱ्याची उधारी तिच्या पात्रतेवर सावली धरते. उलट, संसार सुरू असताना बचतगटातून तिच्या नावावर उचललेले आणि नवऱ्याने खर्चून टाकलेले कर्ज तिच्याच डोक्यावर राहते. सही जिची, देणे तिचे. विभक्त होण्याने कर्जाची वाटणी होत नाही, ही गोष्ट बहुतेकांना वसुली अधिकारी दारात उभा राहिल्यावर समजते.

या निर्देशांत कर्जदाराच्या बाजूचेही काही आहे. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करणे, धमकावणे, नातेवाइकांना वा शेजाऱ्यांना त्रास देणे यांना मनाई आहे. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड लावता येत नाही. संस्थेने तक्रारीची दाद घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. हप्ता चुकणार असे दिसताच चुकण्याआधी लेखी कळवून मुदत वाढवून मागणे हे चुकल्यानंतरच्या लपाछपीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. एका गटाचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या गटातून उचल करणे हा या भागातला, आणि इतरत्रचाही, सर्वात महागडा उपाय आहे. हातगाडीवाल्यांसाठी पीएम स्वनिधीत पहिले कर्ज आता १५,००० रुपयांचे, पुढे २५,००० आणि ५०,००० असे आहे, आणि वेळेवर फेडल्यास व्याजात सात टक्क्यांची सूट मिळते. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारण लागत नाही.

दोन लाडक्या बहिणींच्या मधली

या पट्ट्यात सोयरिकी राज्याची सीमा पाहून होत नाहीत. काटोल, नरखेड, वरूड, सावनेर येथून मुली सौंसर-पांढुर्ण्यात येतात आणि इकडच्या तिकडे जातात. संसार मोडला की ही सीमा एकाएकी खरी होते. मध्य प्रदेशाची लाडली बहना योजना २०२३ मध्ये १,००० रुपयांनी सुरू झाली, त्याच वर्षी १,२५० आणि नोव्हेंबर २०२५ पासून १,५०० रुपये महिना झाली. विधवा, घटस्फोटिता आणि ‘परित्यक्ता’ यांचा तीत स्पष्ट समावेश आहे. पण तिची नोंदणी २०२३ मध्येच दोन टप्प्यांत झाली. त्यानंतर नरखेडहून सौंसरला माहेरी परतलेली स्त्री त्या यादीत नाही. महाराष्ट्राची ‘माझी लाडकी बहीण’ २०२४ मध्ये आली, पण ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी. सौंसरला राहून तिच्यावर हक्क सांगता येत नाही. नवऱ्याच्या कागदांवर अर्ज करता येण्याची सोय नांदत्या सुनेच्या कामाची, माहेरी आलेल्या लेकीच्या नाही.

मुलांसाठीची एक तरतूद मात्र देशभर सारखी आहे आणि फारशी माहीत नाही. मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वातून पात्र बालकाला महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. आई विधवा, घटस्फोटिता किंवा कुटुंबाने टाकलेली असेल तर मूल पात्र ठरू शकते. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावा लागतो आणि मंजुरी समिती देते, त्यामुळे ही रक्कम हातात पडेपर्यंत हिशेबात धरू नये.

पोटगी, अर्थात भरण-पोषण

घरात बोलताना शब्द ‘पोटगी’ आणि न्यायालयातल्या हिंदी अर्जावर ‘भरण-पोषण’. शब्दांचे हे अंतर लहान दिसते, पण अनेकींना आपला हक्क त्या दुसऱ्या शब्दाखाली आहे हे ठाऊकच नसते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाने घेतली. स्वतःचा निर्वाह करू न शकणारी पत्नी आणि मुले यांना दरमहा रक्कम मिळण्याची ही तरतूद. पूर्वी तिला महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. २००१ मध्ये ती काढण्यात आली. अंतरिम रकमेचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असेही कायदा म्हणतो. पत्नी जेथे राहते तेथेच अर्ज करता येतो. नवरा काटोलला असला तरी सौंसरच्या लेकीला काटोलच्या न्यायालयात खेटे घालावे लागत नाहीत. आदेशाची प्रत तिला विनामूल्य मिळते आणि नवरा असेल तेथील दंडाधिकाऱ्यामार्फत त्याची अंमलबजावणी करता येते.

‘तू शिवणकाम करतेस, मग पोटगी कशाला?’ हा प्रश्न स्वयंरोजगार करणाऱ्या प्रत्येकीला ऐकावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर मध्य प्रदेशातूनच आलेल्या चतुर्भुज विरुद्ध सीताबाई या खटल्यात दिले आहे : निर्वाह करण्यास असमर्थ म्हणजे पूर्णपणे निराधार असे नव्हे. चार पैसे मिळवणारी स्त्रीही, सासरी असताना होती तशा राहणीला ते पुरत नसतील, तर मागू शकते. तिचे उत्पन्न रक्कम ठरवताना विचारात येते. दार बंद करत नाही.

प्रत्यक्षातली अडचण नवऱ्याचे उत्पन्न सिद्ध करण्याची. पगारदार माणसाची पावती असते, संत्र्याच्या बागेची नसते. येथे नागपूरचा एक खटला महत्त्वाचा ठरतो. २०१३ मध्ये एका विभक्त पत्नीने आपल्यासाठी आणि लहान मुलासाठी अंतरिम रक्कम मागितली. कुटुंब न्यायालयाचा आदेश २०१५ मध्ये झाला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो २०१८ मध्ये कायम केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. अंतरिम म्हणवणारी मदत सात वर्षे वादात राहिली. ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनीश विरुद्ध नेहा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र द्यायचे, आणि रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरायची. शेतीवर जगणाऱ्यांसाठी शपथपत्राचा नमुना वेगळा आहे : जमीन किती, ओलिताची की कोरडवाहू, पिके कोणती, जनावरे किती, कर्ज किती. पांढुर्ण्याच्या स्त्रीने म्हणूनच नवऱ्याच्या जमिनीचा खसरा आणि बी-१ खतौनी काढून ठेवावी. महाराष्ट्रात जो सातबारा आणि गोव्यात जो एक-चौदाचा उतारा, त्याच जातीचे हे कागद.

शपथपत्र तिलाही द्यावे लागते, हे विसरून चालत नाही. खोटी माहिती अंगाशी येऊ शकते. त्यामुळे शंभर पानी वहीत रोजची आवक, कापड-दोऱ्याचा खर्च आणि घरखर्च वेगळा लिहून ठेवणारी स्त्री बँकेत आणि न्यायालयात, दोन्हीकडे भक्कम उभी राहते. हंगाम उतरल्यावर तिचे उत्पन्न किती खाली जाते हे तोंडी सांगून पटत नाही, वहीतून दिसते.

गावात मात्र पुष्कळदा घाईने एक भलताच कागद होतो. बैठक बसते, मुद्रांकावर ‘आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत’ असे लिहिले जाते, एकरकमी काही पैसे दिले जातात. परस्परसंमतीने वेगळी राहणारी पत्नी या कलमाखाली रक्कम मागू शकत नाही, असे कायद्यातच आहे. त्या एका वाक्याची किंमत वर्षानुवर्षांची पोटगी असते. जातीत तशी मान्य रूढी सिद्ध होत नसेल तर अशा कागदाने घटस्फोटही होत नाही. मुलांचा हक्क तरीही शाबूत राहतो; आई-बापाच्या कराराने तो संपत नाही.

सही करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यायला पैसे नाहीत ही सबब येथे लागू पडत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१००. मुले सांभाळणाऱ्या विभक्त बापाला तेथे सहसा उत्पन्नाची मर्यादा लागते. मात्र हिंदू विवाह कायद्याच्या २४ व्या कलमाखाली दावा चालू असताना तोही कमावत्या पत्नीकडून खर्च मागू शकतो, आणि मुलांच्या पोषणाची जबाबदारी १९५६ च्या कायद्याने आई-बाप दोघांवर टाकलेली आहे.

गोव्यातील वाचकाला यात एक फरक जाणवेल. गोव्याच्या नागरी संहितेत वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक होते आणि पत्नी निम्म्या वाट्याची धनी असते. स्थावर विकायचे तर तिची सही लागते. पांढुर्ण्यातील स्त्रीला नवरा हयात असताना त्याच्या संत्र्याच्या बागेत मालकी नाही. तिच्याजवळ आहेत ते निर्वाहाचा हक्क आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दिलेला निवासाचा हक्क. बाग विकली गेली तर खरेदीखतावर तिच्या सहीची जागाच नसते.

म्हणून मिळालेला आदेश जिवंत ठेवणे तिच्यावरच येते. रक्कम थकली तर ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. उशीर झाल्यास वॉरंटचा हा मार्ग त्या महिन्यांपुरता बंद होतो. थकवणाऱ्याला प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले आहे. ‘आंबिया उतरला की देतो’ हे उत्तर या भागात वर्षातून एकदा तरी ऐकू येते. आंबिया डिसेंबरात संपतो. जानेवारीत वही उघडून मागल्या कोणत्या महिन्याला वर्ष पुरे होत आले ते पाहावे, आणि अर्ज त्याच आठवड्यात द्यावा.