आसाला जोडलेले पाय

मराठी माणसाला एकचाकी सायकल ठाऊक आहे ती सर्कशीतली. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये स्वतःची सर्कस उभी केली, तेव्हापासून तंबूतल्या कसरतींशी महाराष्ट्राचा घरोबा आहे. एकचाकी म्हटले की सपाट रिंगण, बारीक टायर आणि चकचकीत पोशाखातला कलावंत डोळ्यांपुढे येतो. तीच एकचाकी दगडधोंड्यांच्या उतारावर, बर्फात आणि वाळूत चालवणारी माणसे आहेत आणि त्यांच्यातल्या काहींनी तिला चार-चार इंच रुंदीचा टायर बसवला आहे, हे कळल्यावर ‘एवढा खटाटोप कशाला?’ असा प्रश्न पडणारच. टायरबद्दलचा प्रश्न तर अधिकच रास्त. फॅट टायरच्या सायकली आता आपल्या शहरांतही सर्रास दिसतात आणि डांबरी रस्त्यावर त्या जाडीचा उपयोग मिरवण्यापलीकडे फारसा नाही. मग एकाच चाकावर हे ओझे कशासाठी? माझे म्हणणे असे की दोन चाकांच्या सायकलीला जाड टायर ही हौस असू शकते, एकचाकीला मात्र तो तिच्या रचनेनेच मागून घेतला आहे. आणि त्याची किंमतही ती रचनाच वसूल करते, तीही जरा कडकपणे.

आधी रचना पाहू. सायकलीत पेडल आणि चाक यांच्यामध्ये साखळी असते, फ्रीव्हील असते, बहुतेकदा गिअर असतात. एकचाकीत यातले काहीच नाही. क्रँक थेट चाकाच्या आसाला बसवलेली असते. पेडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. पाय थांबले की चाक थांबते, उतारावर पाय स्थिर ठेवून घरंगळत जाण्याची सोय नाही. एकेकाळी सायकलीही अशाच होत्या. १८७० च्या दशकातल्या उंच सायकलींचे पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत येई, त्याचे कारण हेच: गिअर नसल्यामुळे चाकाचा घेर हाच गिअर. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’ने साखळीने मागचे चाक फिरवले आणि सायकल या बंधनातून सुटली. एकचाकी सुटली नाही, कारण तिच्यात ते बंधन हाच तोल सांभाळण्याचा मार्ग आहे. अंग पुढे झुकले की चाक पुढे रेटायचे, मागे गेले की चाक आवरायचे. हे क्षणाक्षणाला, पायांनीच करायचे असते. स्विस अभियंता फ्लोरियान श्लुम्फ यांनी हबच्या आत बसणारा दोन गतींचा गिअर बनवला, टाचेने आसाच्या टोकाशी असलेली कळ दाबून तो बदलता येतो आणि वरच्या गतीत पेडलच्या एका फेरीला चाक १.५५ वेळा फिरते. यंत्रकामाचा तो देखणा नमुना आहे, पण त्यानेही पाय आणि चाक यांची गाठ सुटत नाही.

या गाठीचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही, आणि माझा सारा युक्तिवाद त्याच्यावरच उभा आहे. डोंगरातल्या सायकलीला धक्के शोषायला पुढे स्प्रिंगचा चिमटा असतो, मागे शॉकअॅब्झॉर्बर असतो. एकचाकीला ते लावून पाहावे, असे कुणालाही सुचेल, आणि सीटखाली स्प्रिंग बसवण्याचे प्रयोग झालेही आहेत. पण खडबडीत उतारावर चालवणारा सीटवर भार टाकून बसत नाही. गुडघे वाकवून तो पेडलांवर उभा असतो. त्याचे पाय क्रँकवर, क्रँक आसावर, आस चाकाच्या मध्यभागी. सांगाड्यात कुठेही स्प्रिंग घाला, ती या साखळीच्या बाहेरच राहते. जमीन आणि तळपाय यांच्यामध्ये मऊ अशी एकच वस्तू उरते, ती म्हणजे टायरमधली हवा. शिवाय हा टायर चाकाचा घेर ठरवतो, म्हणजे गिअरचे काम करतो. हँडल नसल्याने कंबरेच्या वळणाने चाक फिरवायचे असते, तेव्हा जमिनीवर पिळवटला जातो तोही हाच. ब्रेक लावल्यावर पकडही याचीच. दोन चाकांवर जी कामे पाच-सहा सुट्या भागांत वाटली गेली आहेत, ती इथे एकट्या टायरवर येऊन पडली आहेत. ज्याच्यावर इतकी कामे लादायची, त्याला ऐसपैस करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

इतिहासही याला दुजोरा देतो. अलास्कातल्या स्यूअर्ड या बंदरगावचे जॉर्ज पेक यांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या गोट्यांतून आणि आसपासच्या डोंगरांतून एकचाकी नेली. १९९० च्या दशकातल्या त्यांच्या ध्वनिचित्रफितीने ‘हे शक्य आहे’ एवढे जगभरच्या विखुरलेल्या चालकांना दाखवून दिले. कॅनडातले क्रिस होम व्यवसायाने भूवैज्ञानिक. मेक्सिकोतल्या ५,६३६ मीटर उंचीच्या पिको दे ओरिसाबा या ज्वालामुखीच्या उतारांवर त्यांनी एकचाकी चालवली. दुसरे एकचाकी चालक नेथन हूवर यांच्याबरोबर त्यांनी भूतानच्या पायवाटांवर केलेल्या प्रवासावर ‘इन्टू द थंडर ड्रॅगन’ हा माहितीपट निघाला. १९९९ मध्ये होम यांनी स्वतःच्या नावाने एकचाकी बनवायला सुरुवात केली. कारण साधे होते: सर्कशीसाठी घडवलेल्या एकचाकींचे आस आणि क्रँक डोंगरात उड्या मारताना वाकत, तुटत. चौकोनी टोकाच्या आसाऐवजी खाचांनी घट्ट बसणारे आस आले, तेव्हा हा खेळ मार्गी लागला. पण टायर त्याआधीच रुंदावू लागले होते. सर्वसाधारण माउंटन बाईक दोन-सव्वादोन इंची टायरवर चालत असताना एकचाकीवाले तीव्र उताराच्या शर्यतींसाठी बनवलेले २४ इंच व्यासाचे, तीन इंच रुंदीचे टायर शोधून काढून आपल्या चाकाला बसवत होते. म्हणजे फॅटबाईकची लाट आली आणि हेही तिच्यात वाहून गेले, असे म्हणता येत नाही. जाडीची भूक आधीची होती. लाटेने फक्त माल पुरवला.

तो माल आला तोही मुख्यतः अलास्कातूनच. तिथे हिवाळ्यात बर्फावरून लांब पल्ल्याच्या सायकल शर्यती होत. १९८७ मध्ये ‘इडिटाबाईक’ सुरू झाली. साधे टायर भुसभुशीत बर्फात रुतत, म्हणून फेअरबँक्सचे सायकल कारागीर सायमन राकोवर यांनी आधी दोन रिम एकमेकींना जोडून रुंद चाके केली आणि मग ४४ मिलिमीटर रुंदीची ‘स्नोकॅट’ रिम काढली. न्यू मेक्सिकोत वाळूसाठी रे मोलिना हेच करत होते, त्यांच्या रिम तर ८० मिलिमीटरच्या घरातल्या. २००५ मध्ये सर्ली या अमेरिकी कंपनीने ‘पग्सली’ ही सायकल आणि तिच्यासाठी ३.७ इंची टायर बाजारात आणला, तेव्हा हाताने घडवलेली वस्तू दुकानात मिळू लागली. त्याच कंपनीने ‘कनंड्रम’ नावाचा एकचाकीचा रुंद सांगाडाही काढला. पुढे निंबस या एकचाकीच्या ब्रँडच्या ‘ओरेगन’ आणि ‘हॅचेट’ या एकचाकी चार इंच आणि त्याहून जाड टायर डोळ्यांपुढे ठेवूनच घडवल्या गेल्या.

जाड टायर रुतत का नाही, हे उसाच्या फडातून टायरगाडी नेणाऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. लोखंडी धावेचे चाक काळ्या ओल्या मातीत खोल जाते, हवेचे रुंद चाक वरवर राहते. हिशेबही सोपा आहे. माणूस आणि यंत्र मिळून ८० किलो, म्हणजे १७६ पौंड वजन धरू. टायरमध्ये दर चौरस इंचाला ३० पौंड दाबाची हवा असेल, तर ते वजन पेलायला जमिनीशी साधारण ६ चौरस इंच स्पर्श लागतो. १२ पौंड हवेवर तो १५ चौरस इंचांच्या आसपास जातो. सायकलीवर हा भार दोन चाकांत वाटला जातो. एकचाकीत सगळा एकाच ठिकाणी. म्हणून मऊ जमिनीवर रुतण्याचा धोका एकचाकीला जास्त आणि रुंद टायरचा फायदाही तिलाच जास्त. कमी हवा ठेवायची तर टायर जाडच हवा. बारीक टायरमध्ये १२ पौंड हवा ठेवून कुणी दगडावर आपटले, तर रिम थेट दगडाला लागेल. चार इंची टायरमध्ये दगड आत दबून घ्यायला जागा असते. मुळे, गोटे, पायरीएवढ्या उड्या हे सगळे तो गिळतो, आणि जो धक्का एरवी घोट्यांना व गुडघ्यांना सोसावा लागला असता तो बराचसा तिथेच विरतो.

आता किंमत. चार इंची टायर एकटाच सव्वा ते दीड किलो भरतो, साध्या माउंटन बाईकच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट, आणि हे वजन चाकाच्या कडेला असते. सायकलीवर त्याचा त्रास वेग घेताना जाणवतो, एकदा वेग आला की विसरता येतो. एकचाकीवाल्याला विसरता येत नाही. तोल राखण्यासाठी चाकाला सतत पुढे ढकलायचे आणि आवरायचे असल्याने जड कडा प्रत्येक दुरुस्तीला विरोध करते. हेच वजन चालत्या चाकाला लहानसहान अडथळ्यांवरून ओढून नेते हे खरे, पण चढावर दमछाक होते ती त्याच्यापायीच. २६ इंची रिमवर चार इंची टायर बसवला की बाहेरचा व्यास सुमारे २९ इंच होतो. एका फेरीत २.३ मीटर अंतर, मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर ताशी ११ किलोमीटर. साध्या २६ इंची चाकापेक्षा गिअर दहा टक्क्यांनी जड झाला, तोही न मागता. दुसरी गोष्ट रुंदीची. नेहमीच्या एकचाकीत दोन बेअरिंगांमधले अंतर १०० मिलिमीटर असते; जाड टायर मावण्यासाठी ते १२५ च्या आसपास न्यावे लागते, तसे पायही दोन्ही बाजूंना सरकतात. प्रत्येक पावलागणिक भार मध्यरेषेपासून जितका दूर पडेल, तितके चाक बाजूला कलंडायला पाहते. दोन चाकांवर हँडल धरलेले हात ते सावरतात, इथे फक्त कंबर.

सगळ्यात त्रासदायक दोष मात्र टायरच्या स्वभावातला आहे. कमी हवेचा रुंद टायर बाजूला उतरत्या वाटेवर आला की त्याचा जमिनीशी स्पर्श मध्यावरून एका कडेला सरकतो आणि चाक आपल्या मर्जीने वळू पाहते. चालवणाऱ्याला सतत अंग तिरके ठेवून त्याला सरळ राखावे लागते. वळायचे असेल तेव्हा उलटे होते: इतका मोठा रबराचा पट्टा जमिनीवर पिळवटायला जोर लागतो आणि चाक वळायला कुरकुरते. एक-दोन पौंड हवा कमी-जास्त केली की हा स्वभाव बदलतो, म्हणून जाणते चालक कमी दाब अचूक दाखवणारा छोटा मापक जवळ ठेवतात. सपाट पक्क्या रस्त्यावर हा टायर चांगला नाही, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

आक्षेप घेणारा इथे म्हणेल, मग पायी का जाऊ नये? चढावर अनेकदा चाक खांद्यावर घ्यावेच लागते. याला उत्तर एवढेच की डोंगर चढण्याची गरज आज कुणालाच नाही, तरी सह्याद्रीत दर पावसाळ्यात माणसे कडे चढतात. प्रत्येक दगडाशी बोलणी करत उतरण्यात जे कौशल्य आहे ते खरे आहे आणि मोजता येण्यासारखे आहे. एकचाकीचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९८२ पासून आहे, १९८४ पासून ‘युनिकॉन’ ही जागतिक स्पर्धा होते, आणि तिच्यात डोंगरी चढ, उतार आणि लांब पल्ल्याच्या शर्यती घड्याळ लावून घेतल्या जातात. धोक्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण वेग कमी असतो, पुढे हँडल नसते, त्यामुळे पडणारा बहुधा पायांवर उतरतो. खरी जखम होते ती पेडलच्या खिळ्यांनी नडगीला, म्हणून नडगीचे पॅड, मनगटाचे संरक्षण आणि हेल्मेट लागतेच. वाटांची नासधूस होते, हा तिसरा आक्षेप इथे सर्वांत दुबळा आहे. ब्रेक आवळून चाक फरफटवत नेणे एकचाकीवर शक्यच नाही, चाक अडकले की माणूस खाली. वर रुंद टायरचा दाबही कमी.

उत्तर द्यायला खरोखर कठीण जाणारा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो या खेळाच्या आतून येतो: तीन इंच पुरेसे असताना चार-पाच कशाला? २०१४-१५ च्या सुमारास २७.५ इंची रिमवर सुमारे तीन इंची टायर बाजारात आले आणि कोरड्या, पक्क्या डोंगरवाटांसाठी तेच अधिक शहाणपणाचे आहेत. ते हलके आहेत, सहज वळतात, त्यांना हबही जास्त रुंद लागत नाही. तेव्हा चार इंचांची हद्द मान्य करायला हवी: बर्फ, सुटी वाळू, गोट्यांचे किनारे आणि सावकाश उतरायचे खडकाळ उतार. तिथे मात्र दुसरा पर्याय नाही, कारण पायांना धक्क्यापासून वाचवणारे या यंत्रात दुसरे काही बसवताच येत नाही.

कुणाला हे करून पाहायचे असेल, तर सुरुवात २० इंची साध्या एकचाकीने, सपाट जमिनीवर, भिंतीचा आधार घेऊन करावी. मग २४ इंचांवर तीन इंची टायर. चार इंचांचा विचार वाळू किंवा बर्फ समोर असेल तेव्हाच करावा.