भूमीतील पाणी व त्याचा वाटा : देणगीदारांस काही खुलासा

दुष्काळाच्या दिवसांत कमिटीकडे जी पत्रे येतात त्यांपैकी पुष्कळांत एकच पृच्छा असते. धान्य व चारा वर्षानुवर्षे वाटण्यापेक्षा गावोगाव विंधन विहिरी पाडून का देत नाही? खर्च एकदाच होईल व सोय कायमची होईल. पृच्छा सद्हेतूची आहे, आणि ज्यांचे द्रव्य आहे त्यांना ती करण्याचा अधिकारही आहे. सबब तिचे उत्तर या अहवालात थोडे विस्ताराने देणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम भांडवल किती आहे ते पाहू. पृथ्वीवर पाणी अपार दिसते खरे, परंतु त्यातील सुमारे ९७.५ टक्के खारे आहे. उरलेल्या गोड्या पाण्यापैकी दोन-तृतीयांशांहून अधिक बर्फाच्या रूपाने गोठलेले असून बाकी राहिलेले जवळजवळ सर्व जमिनीच्या पोटात आहे. नद्या व सरोवरे यांचा हिस्सा अगदीच अल्प. या भूमिगत ठेवीवर जगात सर्वांत मोठी उचल आपल्याच देशाची आहे. सर्व जगाच्या उपशाचा सुमारे चौथा हिस्सा एकटा भारत उपसतो.

आता ही ठेव आपल्या प्रांती कोठे असते? महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाचा आहे. गंगेकाठच्या गाळाच्या प्रदेशात खोल गेले असता वाळूचे नवे थर व नवे पाणी लागते. आपल्याकडे तसे नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात व खडकाच्या भेगांत. शंभर घनफूट अशा खडकातून हाती येणारे पाणी एक ते तीन घनफूट. त्याखाली बहुतेक ठिकाणी घट्ट पाषाण, आणि क्वचित एखादी भेग. त्या भेगेपर्यंत पोहोचलेली विंधन विहीर दोन-तीन उन्हाळे जोराने चालते, मालक संतुष्ट होतो. परंतु ते पाणी बहुधा वरच्याच मुरमातून उतरलेले असते, म्हणजे शेजाऱ्याच्या साध्या विहिरीतले. मग शेजारी कर्ज काढून अधिक खोल जातो. पेढीच्या भाषेत बोलावयाचे तर हे एकाच खात्यावर दहा जणांनी धनादेश लिहिण्यासारखे आहे. खात्यात जमा करणारा मात्र एकच, तो म्हणजे पाऊस.

ही जमाही आपण समजतो तितकी लहान नाही. अवर्षणप्रवण तालुक्यात वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस पडला असे धरले, तर एका एकरावर सुमारे १६ लक्ष लिटर पाणी पडते. इ. स. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले, त्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लक्ष लिटर पाणी होते. म्हणजे एका एकरावर अशा तीन गाड्यांचा माल दरसाल विनामूल्य उतरतो. त्यातील पुष्कळसा ओढ्याने वाहून जातो व उन्हाने उडतो, हे खरे. परंतु टेकडीवर समपातळीचे चर, शेताला बांध व ओढ्यावर पाझर तलाव असतील तर त्यातील काही हिस्सा मुरमात मुरतो व खालच्या विहिरींना उतरतो. ही युक्ती नवीन नव्हे. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जागोजाग बांध घालून पाणी मुरविण्याचा आग्रह सरकारजवळ धरला होता.

तर मग बांध बांधले की काम झाले काय? येथे आम्हांस काहीसे कटू लिहिणे प्राप्त आहे. तलाव सर्वांच्या वर्गणीने होतो, आणि त्याच्या खाली ज्याची जमीन व ज्याचा पंप मोठा तो उसास पाणी पाजतो. वैशाखात वस्तीवरच्या बायका पुन्हा टँकरच्या रांगेत उभ्या. अशा तलावास दिलेली देणगी वस्तुतः एका बागायतदारास दिलेली देणगी होय.

या अडचणीवर ज्यांनी उपाय काढला त्यांत पुण्याचे एक कारखानदार, विलासराव साळुंखे, यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्याची दैना पाहून ते हळहळून थांबले नाहीत. नायगाव येथे देवस्थानची ४० एकर उजाड जमीन त्यांनी खंडाने घेतली, बांधबंदिस्ती केली, विहीर घेतली, व त्या अनुभवावरून पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम मुद्दाम ध्यानात घेण्याजोगे आहेत. पाणी जमिनीच्या मानाने मिळावयाचे नाही, माणसांच्या मानाने मिळावयाचे : दर माणशी अर्ध्या एकरापुरते, व एका कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते. ऊस लावावयाचा नाही. भूमिहीनासही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिजबरोबर विकला जात नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी आधी भरावयाचा. निम्मा सरकारी अनुदानाचा, व उरलेला बिनव्याजी कर्जाऊ. शंभर एकरांचा धनी व दोन एकरांचा कुळवाडी एका मापाने मोजला जाणे कित्येकांस रुचले नाही, यात नवल नाही. साळुंखे २००२ साली निवर्तले.

नगर जिल्ह्यातील हिवरेबाजार या गावाने याच विचाराला ग्रामसभेचे बळ दिले. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाल्यानंतर तेथे जलसंधारणाची कामे झाली; पण त्याहून महत्त्वाचे हे की शेतीसाठी विंधन विहीर व ऊस-केळी यांस गावाने आपणहून मनाई केली. पाऊस किती पडला हे मोजून पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढे मांडतात, पिण्याचे पाणी आधी बाजूस काढतात, व उरलेल्यावर कोणती पिके घ्यावयाची ते ठरवितात. पाऊस कमी, तर पेरा कमी. कोणताही व्यापारी आपले दुकान याहून निराळे चालवीत नसेल.

कायदाही आहे. पिण्याच्या सार्वजनिक पाण्याच्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास १९९३ च्या अधिनियमाने निर्बंध घातला. परंतु शेजारच्या बागायतदारावर फिर्याद कोणी करावी? गावातील मोठी माणसे आपखुशीने बांधून घेतील तरच नियम टिकतो, असे वरील दोन्ही ठिकाणी दिसून आले.

यास्तव कमिटीची विनंती दोन प्रकारची आहे. दात्यांनी द्रव्य द्यावे, परंतु ते विंधन विहिरीसाठी राखून न देता चर, बांध व जुन्या तलावांतील गाळ काढणे यांकडे लावण्यास मुभा द्यावी. आणि पाणीवाटपाचा ठराव ग्रामसभेत झाल्याशिवाय रक्कम देऊ नये, ही अटही स्वतःच घालावी. जमीनधारकांकडे मात्र आम्ही रकमेपेक्षा जड वस्तू मागतो. ज्यांच्या विहिरी गावच्या तलावाखाली आहेत त्यांनी पुढील हंगामात उसाचे क्षेत्र किती कमी करणार ते लिहून कळवावे, आणि आपल्या विहिरीची पातळी दर पंधरवड्यास मोजून चावडीवरील फळ्यावर लिहू द्यावी. दोरी व दगड एवढेच साहित्य त्यास लागते.