कुतूहलाचा कोपरा : एसीची दुसरी पावती

श्रीगोंद्यात एप्रिलमध्ये स्लॅब असा तापतो, की रात्री दहालाही पंखा गरम वाराच ढकलतो. मग घरात स्प्लिट एसीचा विषय निघतो. सप्टेंबर 2025मध्ये त्यावरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. पण दुकानाच्या पावतीनंतर फिटिंगवाला दुसरी फाडतो. ती कशाची?

एसी गारवा बनवत नाही. विहिरीवरची मोटर पाणी उपसते, तसा तो खोलीतली उष्णता बाहेर उपसतो. तांब्याच्या नळीतून फिरणारा गॅस आत उष्णता शोषतो, बाहेरच्या युनिटमध्ये सोडतो. नळी लांबली की मीटरमागे पैसे वाढतात, वर कॉम्प्रेसरचे कष्टही. म्हणून बाहेरचं युनिट शक्यतो त्याच भिंतीच्या पाठीला, सावलीत बसवा. स्टँड, भिंतीचं भोक, पाण्याचा पाइप, स्वतंत्र वायर आणि एमसीबी हे आधीच धरा.

गॅस सोडण्यापूर्वी नळीला व्हॅक्यूम पंप लावायला मात्र सांगाच. घाईत हेच टाळलं जातं आणि आत राहिलेली हवा, ओल कॉम्प्रेसरला छळत राहते.

आणि वीज? महावितरणचा दर 100 आणि 300 युनिटनंतर चढतो. पंखा, फ्रिज, टीव्ही खालचे टप्पे आधीच खातात. एसीच्या वाट्याला महागडे युनिट येतात.