नव्या नागलीचा नेम

मी सहा-सात वर्षांची असेन. वरकसावरची नागली पिकली होती. एक कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि दाणे तोंडात टाकणार तोच आजीने मनगट धरलं. कणसरीला, म्हणजे धान्यदेवीला, दाखवल्याशिवाय नवं धान्य खायचं नाही, हा तिचा नेम. आमचं घर मोखाडा तालुक्यातल्या पाड्यावर. वडील ख्रिस्ती झाले होते, आजी झाली नाही. पण या नेमावरून मायलेकांचं कधी वाजलं नाही. वडीलही थांबायचे.

पुढे नर्स होऊन जव्हारला आले. बायबल सलग वाचायला घेतलं आणि लेवीयच्या 23व्या अध्यायात थबकले. पहिली पेंढी देवापुढे नेईपर्यंत इस्राएली माणसाने नव्या पिकाची भाकर, भाजलेलं धान्य किंवा हिरवी कणसं खायची नाहीत, असं 14वं वचन सांगतं. आजीला अक्षरओळख नव्हती. आज ती हयात असती तर हे वचन मी तिला वाचून दाखवलं असतं.

लेवीय म्हटलं की लोकांना रक्तच आठवतं. पहिल्या सात अध्यायांत होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण असे पाच प्रकार आहेत. त्यांत अन्नार्पण पिठाचं. त्यात तेल, ऊद आणि मीठ. खमीर आणि मध वेदीवर चालत नसत. याजक त्यातली मूठभर जाळायचा, उरलेलं याजकांच्या पोटाला जायचं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती पाचव्या अध्यायातली सवलत. पापार्पणाला शेळी-मेंढी झेपत नसेल तर पक्ष्यांची जोडी आणावी. तीही नसेल तर एफाचा दहावा भाग पीठ. म्हणजे अंदाजे सव्वा किलो. क्षमा मात्र तीच, श्रीमंताला मिळे तेवढीच. येशूच्या जन्मानंतर मरिया आणि योसेफ मंदिरात गेले, तेव्हा त्यांचं अर्पणही पक्ष्यांच्या जोडीचं, गरिबाचंच होतं. ज्या जव्हारचं नाव 1992 साली वावर-वांगणीतल्या कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी राज्यभर गेलं, तिथे सव्वा किलो पिठाचं मोल कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

शांत्यर्पणाचं मांस घरचे लोक खात. आभाराचं असेल तर त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही. एका घराला अख्खं जनावर कसं संपणार? शेजारी बोलवावेच लागत. गावदेवाला कोंबडा दिला की आमच्या पाड्यावरही रस्सा सगळ्यांच्या ताटात जायचा.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि वेदी गेली. पण कोकणातले बेने इस्राएल ज्यू आजही एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करतात: पोहे, खोबरं, गोड आणि फळं. आम्ही ख्रिस्ती मानतो की येशूने स्वतःला एकदाच अर्पण केलं, आता रक्त नको. इब्री लोकांस पत्र हेच मांडतं. आणि त्याच पत्राच्या 13व्या अध्यायात दोन अर्पणं उरलेली दिसतात: ओठांनी केलेली स्तुती, आणि चांगलं करणं व आपल्यातलं दुसऱ्याला देणं.

हे विसरलं की काय होतं, ते मी पाहिलंय. बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने आजारी मुलाच्या आईला सांगितलं, मोठं दान दे, देव दुपटीने देईल. तिने शेळी विकली. मुलाला मी दवाखान्यात नेलं, तेव्हा तिच्याकडे गाडीभाड्यालाही पैसे नव्हते. मला त्याचा आजही संताप येतो. लेवीयच्या देवाने तिच्याकडून पीठ घेतलं असतं.

आमच्या मंडळीत कापणीच्या उपासनेनंतर आणलेल्या धान्याचा लिलाव व्हायचा. पगारदार बोली लावायचे आणि जिने नागली आणली ती मागे बसून बघायची. मीही बोली लावली आहे. गेल्या वर्षी मी वडीलमंडळींपुढे तेच 23वं प्रकरण उघडलं. पेंढीच्या नियमापुढे आठ वचनांवर दुसरा नियम आहे: शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी.

लिलाव बंद झाला. नागली दळून आणली, बायकांनी चुलीवर भाकऱ्या थापल्या, सोबत उडदाची आमटी. वीटभट्टीवर निघालेली कुटुंबं टेम्पोची वाट बघत रस्त्यावर बसली होती. ख्रिस्ती कोण, नाही कोण, कुणी विचारलं नाही. टेम्पो आला तेव्हा टोपलीत एकही भाकरी उरली नव्हती.