डार्क की मिल्क? कपाटातल्या चॉकलेटचा हिशोब

सबमिशनच्या आठवड्यात आपल्या हॉस्टेलवर दोन गोष्टींचा खप एकदम वाढतो. एक जर्नलचे कागद आणि दुसरं चॉकलेट! मेसचं जेवण कधीच जिरलेलं असतं, रात्रीचा एक वाजलेला असतो, कोपऱ्यावरची वडापावची गाडी बंद झालेली असते. मग कपाटातून हळूच एक वडी बाहेर निघते. त्यात हल्ली एक नवा पंथ निघालाय. "आम्ही फक्त डार्क खातो बाबा, ते हेल्दी असतं" असं म्हणणाऱ्यांचा. मग मिल्क चॉकलेटवाले उगाच अपराधी चेहऱ्याने खातात. तर कोण बरोबर? आपण इंजिनिअर आहोत (निदान होऊ घातलेले तरी), तेव्हा आकडे मांडूनच बघू.

आधी वस्तू समजून घेऊ. कोकोच्या बिया आंबवतात, वाळवतात, भाजतात आणि दळतात. दळल्यावर पीठ होत नाही, दाट लगदा होतो, कारण बियांमध्ये निम्म्याहून जास्त चरबीच असते. हे कोको बटर. लगदा दाबून हे बटर वेगळं काढायचा प्रेस १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांच्या नावाने पेटंट झाला आणि मागे उरलेल्या चोथ्याची झाली कोको पावडर. लगदा, थोडं जास्तीचं कोको बटर आणि साखर एकत्र केली की डार्क चॉकलेट. त्यात दुधाची पावडर घातली की मिल्क. ऐकायला सोपं वाटतं, पण दुधातलं पाणी आणि कोकोतली चरबी यांचं काही केल्या जमेना. स्वित्झर्लंडच्या डॅनिएल पीटर यांनी १८७५ च्या सुमारास दुधातलं पाणी काढून हा प्रश्न सोडवला. म्हणजे बघा, मूळ अडचण इमल्शनची होती, आपल्या केमिकलवाल्यांच्या सिलॅबसमधली.

आता गंमत अशी, की मिल्क चॉकलेटमध्ये कोकोचा खरा गर फारच थोडा असला तरी चालतो. आपल्याकडच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीत चरबी वगळून कोकोचा अंश मिल्क चॉकलेटसाठी किमान अडीच टक्के आणि साध्या, म्हणजे डार्कसाठी किमान बारा टक्के असा ठेवला होता. अडीच टक्के! वडीचा बाकीचा भाग साखर, दूध आणि चरबी. वेष्टनावर घटकपदार्थ उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तेव्हा पहिलं नाव वाचा. बहुतेक मिल्क चॉकलेटवर ते 'साखर' असतं. आपण कोको खातोय या समजुतीत बऱ्याचदा दूधसाखरच खात असतो.

डार्कवर जो '७० टक्के' असा मोठ्या अक्षरांत आकडा असतो, त्याचा अर्थ कोकोचा लगदा आणि कोको बटर मिळून सत्तर. उरलेले तीस म्हणजे जवळजवळ सगळी साखर. तेव्हा एक सोपं सूत्र : शंभरातून छापलेला आकडा वजा करा, साखर मिळाली. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य हिशोब. हे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यातले आहेत, शंभर ग्रॅममागे. मिल्क चॉकलेट : सुमारे ५३५ कॅलरी, ३० ग्रॅम चरबी, ५१ ग्रॅम साखर. ७० ते ८५ टक्के डार्क : सुमारे ६०० कॅलरी, ४३ ग्रॅम चरबी, २४ ग्रॅम साखर. पुन्हा एकदा वाचा. कॅलरी डार्कमध्ये जास्त आहेत! 'डार्क खाल्लं की वजन वाढत नाही' म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. कारण साधं आहे. साखरेच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी आणि चरबीच्या एका ग्रॅमला ९. साखर काढून तिच्या जागी कोको आणला की त्याच्यासोबत कोको बटर येणारच. त्यातली संपृक्त चरबीसुद्धा डार्कमध्ये जास्त, साडेचोवीस ग्रॅम विरुद्ध साडेअठरा. फक्त एक दिलासा आहे. कोको बटरचा साधारण एक तृतीयांश भाग स्टिअरिक आम्लाचा असतो आणि ते रक्तातलं कोलेस्टेरॉल इतर संपृक्त चरबीसारखं वाढवत नाही.

मग डार्कचा फायदा कशात? साखरेत, नक्कीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर पाच. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला हे पन्नास ग्रॅम, आणि जमलं तर पंचवीस. चाळीस ग्रॅमच्या मिल्क वडीत सुमारे वीस ग्रॅम साखर असते (यातली थोडी दुधातली लॅक्टोज, ती वरून घातलेली नाही). तितक्याच ७० टक्क्यांच्या पुढच्या डार्कमध्ये दहाच्या आत. आता सूत्र आठवा. दुकानात 'डार्क' नावाने जे स्वस्तात मिळतं ते पुष्कळदा पन्नासच्या आसपासचं असतं. तक्त्यात ४५ ते ५९ टक्क्यांच्या डार्कमध्ये साखर ४८ ग्रॅम आहे. म्हणजे मिल्कच्या जवळपास तेवढीच! नुसता काळा रंग आणि 'डार्क' ही अक्षरं बघून घेणाऱ्यांची इथे खरी फसगत होते.

खनिजांत मात्र डार्क खूप पुढे आहे. मॅग्नेशियम मिल्कमध्ये ६३ मिलिग्रॅम, तर डार्कमध्ये २२८. लोह मिल्कमध्ये २.३ आणि डार्कमध्ये जवळजवळ १२. तंतू ३.४ ग्रॅम विरुद्ध ११. मिल्कची बाजू फक्त कॅल्शियममध्ये वरचढ, १८९ विरुद्ध ७३. पण त्यासाठी चॉकलेट खायचं कारण नाही. चाळीस ग्रॅमच्या वडीतून ७५ मिलिग्रॅम मिळतं आणि एक पेला दुधातून त्याच्या तिप्पट.

लोहाबद्दल जरा थांबून लिहिते, कारण आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये हा विषय गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींत एकीहून जास्त. जिने चढताना धाप लागते, लेक्चरला डोळे मिटतात, आणि आपण म्हणतो 'झोप झाली नाही गं'. अशा वेळी कुणीतरी 'डार्क खा, लोह मिळतं' असा सल्ला देतं. हिशोब बघू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला १९. चाळीस ग्रॅम डार्कमध्ये पावणेपाच आहे. वाईट नाही. पण कागदावरचं लोह आणि रक्तात पोचणारं लोह वेगळं. वनस्पतीतलं लोह मुळात कमी शोषलं जातं आणि कोकोतले पॉलिफेनॉल त्याला आणखी अडवतात. जेवणावर लगेच घेतलेला चहा हेच करतो. म्हणून लोहासाठी चॉकलेटवर विसंबणं म्हणजे गळक्या बादलीने टाकी भरणं. त्यापेक्षा मेसच्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा, चहा तासभर पुढे ढकला. आणि सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. ही साधी रक्ततपासणी आहे, टाळू नका.

आता ते प्रसिद्ध 'अँटिऑक्सिडंट'. कोकोत फ्लॅव्हॅनॉल नावाची द्रव्यं असतात, रक्तवाहिन्या सैल राहायला ती मदत करतात हे खरं. पण बातम्या वाचताना दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, प्रयोगात दिलं काय होतं? अमेरिकेत एकवीस हजारांहून जास्त वयस्कर लोकांवर झालेल्या 'कॉसमॉस' चाचणीत (निकाल २०२२) रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल दिलं होतं, पण गोळीतून, चॉकलेटमधून नाही. त्यातही हृदयविकाराच्या एकूण घटनांमध्ये ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. दुसरी गोष्ट, कारखान्यात कोकोचा कडवटपणा घालवायला अल्कलीची प्रक्रिया करतात, त्यात हीच द्रव्यं मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. म्हणजे रंग गडद, पण माल गेलेला.

डार्कची एक काळी बाजूही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने २८ डार्क वड्या तपासल्या. सगळ्यांत शिसं आणि कॅडमियम सापडलं. त्यांतल्या २३ वड्यांपैकी कुठलीही रोज औंसभर, म्हणजे साधारण २८ ग्रॅम खाल्ली तरी निदान एका धातूची त्यांनी धरलेली मर्यादा ओलांडली जात होती. कॅडमियम झाड मातीतून घेतं, शिसं बहुतेक वाळवताना धुळीतून चिकटतं. कोको जास्त तसे हे धातूही जास्त, हे ओघानेच आलं. घाबरून फेकून द्यायची गरज नाही, पण 'औषध' म्हणून रोज अख्खी वडी खाणं मला तरी पटत नाही.

रात्रीच्या अभ्यासाचं काय? चाळीस ग्रॅम कडक डार्कमध्ये सुमारे ३२ मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे साधारण एक कप चहाइतकं, आणि शिवाय तीनशेहून जास्त मिलिग्रॅम थिओब्रोमिन. मिल्कमध्ये कॅफीन फक्त आठ. कॅफीन निम्मं व्हायला पाचएक तास लागतात. दोन वाजता खाऊन तीनला झोपायचं असेल तर मिल्क बरं, आणि पहाटेपर्यंत ड्रॉइंग शीट संपवायचीच असेल तर डार्क. जाता जाता एक : हॉस्टेलच्या फाटकावरच्या कुत्र्याला प्रेमाने डार्कचा तुकडा टाकू नका. थिओब्रोमिन त्याच्यासाठी विष आहे.

आपल्या वसईच्या हवेत चॉकलेट टिकवणंही कठीण. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि मे महिन्यात दुपारी रूमवर काय तापमान असतं हे सांगायला नको. वितळून पुन्हा गोठलं की वर पांढुरका थर येतो. तो बहुधा बुरशी नसून वर आलेली चरबी असते, चव बिघडते पण खाल्लं तर काही होत नाही. उन्हातही जे अजिबात वितळत नाही, त्या चॉकलेटचं वेष्टन नीट वाचा. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असण्याची शक्यता मोठी.

शेवटी, मधल्या वेळचं गोड खाणं म्हणून इथलाच एक स्पर्धक आणते : आगाशीकडची सुकेळी. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची. साखर नाही, तेल नाही. आपण मास बॅलन्स करू. साधं केळं धरलं तर त्यात ७५ टक्के पाणी, शंभर ग्रॅमला ८९ कॅलरी, ३५८ मिलिग्रॅम पोटॅशियम. वाळवून पाणी २५ टक्क्यांवर आणलं तर एक किलो सोललेल्या केळ्यांतला २५० ग्रॅम घन भाग ३३३ ग्रॅम सुकेळीत येतो. म्हणजे सगळं तिप्पट. चाळीस ग्रॅममध्ये सुमारे १०७ कॅलरी, चरबी नावापुरती, पोटॅशियम चारशेच्या वर. राजेळीची जात वेगळी, त्यामुळे आकडे थोडे हलतील, पण चॉकलेटच्या निम्म्या कॅलरीत पोटाला आधार मिळतो हे नक्की. लोह मात्र इथे नगण्य. शिवाय दातांना चिकटते, तेव्हा वर चूळ भरावी.

राजेळीच्या बागा कमी होत चालल्यात, त्यामुळे सुकेळी स्वस्त राहिलेली नाही. हवी असेल तर उन्हाळा संपायच्या आत आगाशी-विरारच्या बाजारात विचारा, आणि आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जूनची दमट हवा लागली की ती मऊ पडते, आणि मग मुंग्यांना रूम नंबर सांगावा लागत नाही.