दोरी सुटली असती तर…

१६२० सालचा अटलांटिक, भर वादळ. इंग्लंडहून अमेरिकेत वसाहत करायला निघालेल्या ‘मेफ्लॉवर’ जहाजावर जॉन हाउलंड नावाचा तरुण नोकर जरा वर डेकवर आला आणि जहाज कलंडताच थेट समुद्रात! पाण्यात शिडाची एक दोरी लोंबत होती. ती त्याने धरली, पाण्याखाली गेला तरी सोडली नाही. शेवटी खलाशांनी त्याला वर ओढलं. पुढे त्याला १० मुलं झाली. त्याच्या वंशजांत फ्रँकलिन रूझवेल्ट आहेत, बुश पिता-पुत्र आहेत आणि ‘कॅसाब्लांका’चा नायक हम्फ्री बोगार्टसुद्धा!

त्याच जहाजावरचा स्टीफन हॉपकिन्स तर अशा संकटांना सरावलेलाच. १६०९मध्ये त्याचं जहाज बर्म्युडाजवळ फुटलं होतं. तिथे बंडाच्या आरोपावरून त्याला मृत्युदंड झाला, गयावया करून तो सुटला. आणि तरीही हा गडी गरोदर बायकोला घेऊन पुन्हा समुद्रावर! वाटेतच मुलगा झाला, नाव ठेवलं ओशनस.

विल्यम मलिन्सने विकायला १२६ जोड बूट आणि वर १३ जोड उंच बूट आणले होते. मृत्युपत्रात त्यांची नोंद आहे. पण पहिल्या हिवाळ्यात १०२ प्रवाशांपैकी जवळपास निम्मे दगावले, त्यात मलिन्स, त्याची बायको आणि मुलगाही. त्या कुटुंबातली इथे उरली एकटी मुलगी प्रिसिला. तिने जहाजावरची पिंपं सांभाळणाऱ्या जॉन ऑल्डनशी लग्न केलं. कवी लाँगफेलो याच जोडप्याचा वंशज.

हे सारं आज सांगता येतं, त्याचं मोठं श्रेय या लोकांनी वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डला. कोण आलं, कोण गेलं, कुणाला किती मुलं, हे त्याने त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीसारखं लिहून ठेवलं. ते हस्तलिखित अमेरिकी क्रांतीच्या काळात गायब झालं आणि १८५५मध्ये सापडलं कुठे, तर लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात!

या यादीतली मोर भावंडं मात्र मला फार अस्वस्थ करतात. चौघंही आठ वर्षांची किंवा त्याहून लहान. ही मुलं आपली नाहीत, असं ठरवून सॅम्युएल मोरने त्यांना परक्या घरांच्या हवाली करून जहाजावर चढवलं. इंग्लंडमध्ये त्यांची आई न्याय मागत राहिली. तिघं पहिल्याच हिवाळ्यात गेली; वाचलेला रिचर्ड पुढे जहाजाचा कप्तान झाला.

आणि ज्यांची ती जमीन होती ते? तिथल्याच टिस्क्वांटम नावाच्या माणसाला १६१४मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकलं. इंग्लंडमार्गे १६१९मध्ये तो परतला, तेव्हा रोगराईने त्याचं अख्खं पटक्सेट गाव संपलं होतं. त्याच जागी पुढच्या वर्षी प्लिमथ वसाहत उभी राहिली, आणि मासे खत म्हणून घालून मका कसा लावायचा, हे त्यानेच या नवख्यांना शिकवलं. ‘मेफ्लॉवर’च्या प्रवाशांच्या वंशावळींच्या जाड ग्रंथांत त्याच्या घराण्यासाठीही पानं हवी होती. त्याच्या वाम्पानोग समाजाची माणसं आजही मॅसॅच्युसेट्समध्ये मॅशपी आणि अक्विना इथे राहतात आणि आपली जुनी भाषा मुलांना नव्याने शिकवतात.